संवेदना परत आली की

मास्तर, तुम्ही गेलात हे मला अण्णानं सांगितलं. माझा भाऊ बेळगावच्या बाजारातून आला, रिकामं पोतं झाडून दोरीवर टाकलं, पाय धुतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मास्तर ग्येले. दिवस बी घातले म्हनत्यात."

मी चुलीपुढे होते. राहिलेल्या भाकरी भाजून संपवल्या आणि जाळ मागे ओढला. रडू तेव्हा आलं नाही. ते आलं दोन-तीन दिवसांनी, काकडीच्या वेलापाशी. वेलाचा एक ताणा आदल्या दिवशी नुसताच हवेत चाचपडत होता. आज त्याला कुंपणाची काटकी सापडली होती आणि त्यानं तिला घट्ट वेढे घातले होते. मनात आलं, मास्तरांना सांगायला हवं. आणि तिथंच मातीत बसून मी अशी रडले की वहिनी धावत आली. तिला वाटलं मला साप चावला.

तुमच्यासाठी रडले असं समजू नका. किंवा समजा. मला ठरवता येत नाही.

हे मी पेन्सिल बोटांना चिंधीनं बांधून लिहितेय. उजव्या हाताची दोन बोटं तळव्यात वळून गेलीत, ती आता उलगडत नाहीत. तुम्ही शेवटचं नीट पाहिलंत तेव्हा ती नुसती वाकायला लागली होती. बेळगावच्या वडगावात तुमच्याविषयी लोक काय बोलतात ते अण्णा ऐकून आलाय. बायको मेल्यावर मास्तरांनी दुसरं लग्न केलं नाही, पोरीला एकट्यानं वाढवलं, कोष्ट्यांच्या, शेतकऱ्यांच्या पोरांना शास्त्र शिकवून माणसात आणलं. सगळं खरं आहे. फक्त मी मेले नव्हते.

मी गुंजीची, खानापूरच्या रानाकडची. घरची भातशेती, चार यत्ता झालेल्या, हाताला कामाची सवय. तुम्ही सदलग्याचे, तुमच्या घराण्यातले पहिले शिकलेले, बेळगावच्या हायस्कुलात शास्त्राचे मास्तर. लग्न होऊन वडगावात आले तेव्हा घर कसलं ते, कोष्ट्यांच्या आळीतल्या दोन खोल्या आणि मागे लांबट परस. दिवसभर भिंतीपलीकडून मागांचा खटखटाट. परसात फुलझाड म्हणून एक नव्हतं. मी विचारलं, "अहो, जास्वंद न्हाय, शेवंती न्हाय, ह्या कुंड्यांत काय लावलंय?" तुम्ही म्हणालात, "प्रश्न लावलेत." मला वाटलं, नवरा जरा वेडसर मिळाला.

पण तुम्ही मला त्या कुंड्यांपाशी बसवलंत, हे मी विसरलेले नाही. माझ्या मैत्रिणींच्या नवऱ्यांनी त्यांना चुलीपाशी बसवलं. तुम्ही एका खोक्याला बाजूनं भोक पाडून त्यात मोहरीची रोपं ठेवलीत, चार दिवसांनी झाकण काढलंत, आणि सगळी रोपं माना वळवून त्या भोकाकडे तोंड करून उभी होती. मी तोंडावर हात ठेवला. तुम्ही मास्तर असूनही पोरासारखे हसलात. "बघ, याला डोळे नाहीत आणि याला उजेड दिसतो."

पहिल्या दिवाळीनंतर सदलग्याला गेलो, तेव्हा तुमच्या शेतात बाया तंबाखूचे शेंडे खुडत होत्या. मीही खुडले. हात चिकट काळे झाले, जेवताना सगळं कडू लागलं. तुम्ही बांधावर उभं राहून मला सांगितलंत की वरचं फूल खुडलं की खालच्या पानापानाच्या बगलेतून फुटवे निघतात, आणि पान जाड, कडक होत जातं. म्हणजे शेंडा गेल्याचं खालच्या भागाला कळतं. मी विचारलं, "खाली खबर कोन नेतं?" तुम्ही बांधावरून खाली उडी मारलीत. सगळ्या बायांसमोर माझा काळा हात हातात घेतलात आणि म्हणालात, "हाच तर प्रश्न आहे!" आक्कांना, तुमच्या थोरल्या बहिणीला, ते आवडलं नाही. मला मात्र त्या दिवशी नवरा मिळाला.

आपलं भांडण लागलं ते लाजाळूवरून.

तुम्ही टाचणीनं तिचं पान टोचायचात. पान मिटायचं, मग शेजारचं, मग देठच खाली पडायचा. तुम्ही घड्याळ धरून बसायचात. पुन्हा उघडली की पुन्हा टोचायचात. काडी ओढून पानाच्या टोकाला चटका द्यायचात. एकदा दवाखान्यातून क्लोरोफॉर्म आणलात, कापसाचा बोळा भिजवून रोपाशेजारी ठेवलात आणि वर काचेची बरणी पालथी घातलीत. थोड्या वेळानं रोपाला टोचलं, पान हललं नाही. जाळलं, तरी हललं नाही. मला ते बघवेना. बरणी काढून ठेवली, वारा लागला, आणि संध्याकाळपर्यंत ते पुन्हा मिटायला लागलं. तुम्ही खूश. मी जेवले नाही.

"तिला दुखत असंल," मी म्हणाले.

"असेल म्हण, असंल नव्हे." माझी बोली तुम्ही अशीच खुडत आणलीत, म्हणून तर आज असं लिहिता येतंय. "आणि तिला कळतं. दुखत नाही."

"कळतं म्हणजेच दुखतं की."

"अजिबात नाही. कळणं म्हणजे प्रतिसाद. दुखायला नस लागते, मेंदू लागतो. झाडाला नस नाही. नस नाही तिथं दुःख नाही."

"तुम्हाला कसं माहीत? तुम्ही झाड हाय का?"

तुम्ही हसलात. पुढे कितीतरी वर्षं आपण हेच भांडलो. भाजी चिरताना, अंथरूण घालताना, आपली लेक वच्छी पोटात असताना. मला ते भांडण आवडायचं. तुम्हालाही आवडायचं, नाहीतर तुम्ही ते मुद्दाम उकरून काढलं नसतंत.

वच्छी चार वर्षांची असेल. मी चुलीवरून दुधाचं भगुलं उतरवलं, खाली ठेवलं, आणि तुम्ही नाक वर करून म्हणालात, "काय करपलं?" दूध करपलं नव्हतं. माझी बोटं करपली होती. भगुल्याच्या काठाला कातडी चिकटून राहिली होती आणि मला पत्ता नव्हता. मी हसलेच आधी. "बघा की, मला कळलंबी नाही."

तुम्ही हसला नाहीत. तूप आणलं नाहीत, पाणी घातलं नाहीत. उठून आत गेलात आणि टाचणी घेऊन आलात.

"डोळे मीट," म्हणालात.

मास्तर, त्या वेळी मला वाटलं तुम्ही खेळताय.

करंगळीला टोचलंत, कळलं नाही. मधल्या बोटाला कळलं. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला कळलं नाही. कोपरापाशी हाडालगतची शीर तुम्ही चिमटीत धरून पाहिलीत, ती सुतळीसारखी जाड झाली होती. दंडावर फिकट डाग होता, तो मी उन्हाचा समजत होते. तुम्ही शाईचा टाक आणलात आणि जिथपर्यंत मला कळत नव्हतं तिथपर्यंत हातावर रेघ ओढलीत. मी विचारलं, "काय झालंय मला?"

"नस सुजलीय. बरी होईल."

तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. मला कळायला पावसाळा यावा लागला. त्या मधल्या महिन्यांत तुम्ही मला काही सांगितलं नाहीत, फक्त रोज सकाळी शाळेत जायच्या आधी डोळे मिटायला लावलंत आणि रेघ पुसून थोडी वर नवी ओढलीत. वच्छीला सदलग्याला आक्कांकडे पाठवलंत. "आईला खोकला आहे," तिला सांगितलंत. ती दारात माझ्याकडे यायला धडपडत होती आणि तुम्ही तिचं मनगट धरून उभे होता. मी म्हणाले, "एकदा पापी घेऊ द्या." तुम्ही म्हणालात, "गाडी चुकेल." बैलगाडी होती ती, घरची.

मग परसात बांबूच्या तट्ट्या उभ्या केल्यात आणि माझं अंथरूण कुंड्यांच्या शेजारी आलं. ताट तट्टीखालून सरकवायचात. तुम्ही स्वतः रांधत होता, स्वतः माझं ताट मातीनं घासत होता, हे मी नाकारत नाही. आळीत सांगितलंत की हिला क्षय आहे. पण रोजची टाचणी चुकली नाही. त्या एका वेळी तुम्ही माझ्याजवळ बसायचात, म्हणून मी तिची वाट बघायची. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. नवऱ्याचा हात लागावा म्हणून मी टोचून घ्यायला बसायची.

आणि मी खोटं बोलायला लागले. डोळे मिटून अंदाज करायचा आणि म्हणायचं, "हो. टोचलं." मला वाटलं, हात सुधारतोय असं दिसलं तर वच्छी परत येईल. तुम्ही नुसती हातावरची रेघ बघायचात. मी आणखी जोरात म्हणायची, "हो, कळलं. इथं. आत्ताबी."

एका सकाळी मी असंच म्हणाले. हो, टोचलं. हो. हो. तुम्ही म्हणालात, "डोळे उघड."

टाचणी तुमच्या सदऱ्याला लावलेली होती.

"मी अजून टोचलंच नाही," तुम्ही म्हणालात. ज्या आवाजात वर्गातल्या पोराची चोरी पकडत असाल, त्या आवाजात.

मी तुम्हाला विचारलं, "ती बरणीखालची लाजाळू परत आली होती. तसा माझा हात येणार नाही का?" तुम्ही कुंड्यांना पाणी घालत होता. पाठ माझ्याकडेच ठेवून म्हणालात, "ती फक्त बधिर झाली होती. मेली नव्हती." झारी रिकामी झाल्यावरसुद्धा तुम्ही ती तशीच तिरकी धरून उभे होता. मला वाटलं, तुम्ही रडताय. मी तट्टीच्या फटीतून बघत राहिले. तुम्ही वळलात तेव्हा डोळे कोरडे होते.

शेजारच्या गंगाक्कानं लुगडं वाळत घालताना भिंतीवरून माझा हात पाहिला. ती ओरडली नाही, काही नाही. नुसती म्हणाली, "अगं बाई, रगतपिती." आणि भिंतीआड गेली. मला नाव तिच्याकडून कळलं, मास्तर. शास्त्राच्या मास्तराच्या घरात मला माझ्या महारोगाचं नाव शेजारणीनं सांगितलं.

त्याच आठवड्यात टांगा आला. गुंजीला जायचं, तुम्ही म्हणालात, अण्णाकडे हवापालट. मी वहिनीसाठी शहापुरी खण घेतला, पोरांसाठी चिवडा केला. टांगा स्टेशनाकडे वळायला हवा होता, तो सरळ पुढे गेला. मी म्हणाले, "अहो, स्टेशन मागं राहिलं." टांगेवाल्यानं एकदा वळून पाहिलं. तुम्ही समोर बघत होता. गावाबाहेर माळावर दगडी फाटक आलं, आत बैठ्या चाळी, आणि उन्हात बसलेली माणसं. त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिल्यावर मला सांगायची गरज उरली नाही.

फाटकात मी तुमचा सदरा धरला, ज्या हाताला कळत होतं त्या हातानं. "मला कधी न्यायला येणार?"

तुम्ही माझी बोटं एकेक करून सोडवलीत. "संवेदना परत आली की."

मी शिकलेली नव्हते पण तुमचा शब्द मला शास्त्रासारखा खरा वाटायचा. तुम्ही 'बरी झाली की' म्हणाला असतात तर मी बरी व्हायची वाट पाहिली असती. तुम्ही संवेदना म्हणालात, म्हणून मी रोज सकाळी स्वतःचे डोळे मिटून स्वतःला बाभळीचा काटा टोचला. वर्षानुवर्षं.

तिथलं सगळं तुम्हाला सांगत नाही. तिथं औषध म्हणून कडूकवठीच्या बियांचं तेल सुईनं टोचायचे. खानापूरच्या रानातली ती झाडं, मी लहानपणी त्यांच्याखाली खेळलेली. जिथं कातडीला अजून कळत होतं तिथं ते तेल निखाऱ्यासारखं जायचं, गाठी यायच्या, बसता यायचं नाही. जिथं कळत नव्हतं तिथं उंदीर यायचे. सकाळी उठून आपली बोटं शाबूत आहेत का बघायचं, हा तिथला पहिला धडा. माझ्या शेजारच्या खाटेवर चिकोडीकडची एक म्हातारी होती. तिला तिच्या मुलांनी जत्रेला नेतो म्हणून आणलं होतं. आम्ही दोघी हसायचो, तू जत्रेला आलीस आणि मी माहेरी. अण्णा वर्षातून एकदा फणसाचे गरे घेऊन यायचा, फाटकाशी ठेवायचा, बोलता बोलता रडायचा. तुम्ही आला नाहीत. मी प्लेगनं मेले असं तुम्ही आळीत सांगितल्याचं अण्णाला ठाऊक होतं; गंगाक्कानंही रगतपितीचं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यालाही पोरी होत्या, तो गप्प बसला.

रोग थांबला. डॉक्टर म्हणाले, आता तुझ्यापासून कुणाला काही होणार नाही, घरी जा. बोटं वळलेली राहतील, हात बधिर राहील, बाकी तू धडधाकट आहेस. मी वडगावला आले. पुढच्या दारानं जायची हिंमत नव्हती, बोळातून मागं गेले. परसात त्याच कुंड्या. तुम्ही खाली बसून काहीतरी मोजत होता. केस पांढरे झालेले. मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. राग-बिग सगळा त्या बोळातच राहिला.

"मी बरी झाले," मी म्हणाले.

तुम्ही उठलात. दोन पावलं मागे सरलात. "संवेदना परत आली?"

"रोग गेला. डाक्टर म्हणाले, कुणाला लागत नाही."

"मी संवेदना म्हटलं होतं."

आणि आतून ती आली. परकर-पोलकं, लांब वेणी, नाक माझ्या आईचं. हातात पाण्याचा तांब्या. "आप्पा, कोण आलंय?"

"सदलग्याकडची बाई आहे," तुम्ही क्षणभरही न थांबता म्हणालात. "रोप मागायला आलीय. तो मोगरा आण जा."

ती गेली. तुम्ही हळू आवाजात, भराभर बोललात. "निपाणीचं स्थळ आलंय. तंबाखूचे मोठे व्यापारी. आई प्लेगनं गेली असं सांगितलंय. आता तू ठरव." तुम्ही मला ठरवायला सांगत होता, मास्तर. इतकी वर्षं सगळं तुम्ही ठरवलंत आणि हे एवढं माझ्यावर टाकलंत, कारण उत्तर काय येणार ते तुम्हाला ठाऊक होतं. खोक्याला तुम्ही एकच भोक पाडलं होतं.

वच्छीनं मोगऱ्याची कुंडी माझ्या हातात दिली. वळलेल्या बोटांवर मी पदर ओढून घेतला होता. "बाई, जपून न्या," म्हणाली. "पाणी रोज थोडंच घाला. आप्पा म्हणतात, त्याला सगळं कळतं."

मी "बरं" म्हणाले. कुंडी घेऊन स्टेशनावर आले, गाडीत बसले आणि गुंजीला उतरताना ती बाकाखाली तशीच ठेवून दिली.

तेव्हापासून इथं अण्णाच्या शेताच्या कडेला खोपट करून राहते. पहिली वर्षं वहिनीनं माझी घागर वेगळी ठेवली, मग कंटाळून तिनंच ती सोडून दिली. रोज संध्याकाळी हात उजेडात धरून बघते, कुठं भाजलं, कुठं कापलं. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला माझा हात कळत नाही.

आपलं भांडण मी इथं एकटीच चालवते. तुम्ही म्हणायचात, नस नाही तिथं दुःख नाही. माझ्या हातातली नस मेलेली, हे तुम्हीच शाई लावून सिद्ध केलंत. मग वच्छीनं कुंडी हातात ठेवली तेव्हा काय दुखलं? कुठल्या नसेत दुखलं? मास्तर, तुमच्या पुस्तकात त्याचं काही असलं तर मला सांगायला हवं होतंत. मी ऐकलं असतं. तुमचं बोलणं ऐकणं मी कधी टाकलं नव्हतं.

आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. रुळांच्या कडेला, पाणी साचतं तिथं, लाजाळू माजलीय. नवी रोपं गाडी आली की जमिनीच्या हादऱ्यानं मिटतात. जुनी मिटत नाहीत. मला वाटलं मेली. बोट लावलं तर चटकन मिटली. म्हणजे त्यांना कळलं होतं की गाडी येते आणि जाते, काही करत नाही. त्यांनी गाडीची सवय करून घेतली आणि माणसाच्या बोटाची नाही. हे मी पाहिलं तेव्हा इतकी हरखले की स्टेशनाकडे चालायला लागले, वडगावला येऊन तुम्हाला सांगायला. प्लॅटफॉर्मवर पोचल्यावर भान आलं. तुम्ही बांधावरून उडी मारली असतीत, हे मला ठाऊक आहे. तुम्ही माझं वाटोळं केलंत आणि तरी ह्या जगात ही गोष्ट सांगायला मला तुमच्याशिवाय माणूस नाही. नव्हता.

तुम्ही गेल्याचं कळल्यावर अण्णा नको म्हणत असताना मी वडगावला गेले. "कशाला जातीस गं? काय ठेवलंय तिथं?" तो म्हणाला. मी म्हणाले, "घर आवरायला वच्छी आली असंल. आता मास्तर न्हाईत आड यायला." सगळं सांगायचं असं ठरवून गेले होते. गाडीत मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. बेळगावात जिकडेतिकडे झेंड्यांचं बोलणं, इंग्रजांचं राज्य जाणार, आपलं राज्य येणार. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

परसात कुंड्यांतली रोपं वाळून कोळसा झालेली. तुमच्या आजारपणात त्यांना कुणीच पाणी घातलं नव्हतं. वच्छी दारात आली. अंगावर भारी लुगडं, जरा स्थूल झालीय. माझ्याकडे तिनं पाहिलं, आणि मला वाक्यं जुळवायची गरज नव्हती हे मी तिथंच ओळखलं.

"बसा," ती म्हणाली. आत या म्हणाली नाही. मी धुण्याच्या दगडावर बसले.

"मला ओळखलंस?"

"आप्पांनी सांगितलं. त्यांचं पोटाचं दुखणं वाढल्यावर. तुम्ही गुंजीला आहात म्हणून."

"आणखी काय म्हणाले?"

ती लुगड्याचा काठ मुठीत चुरत होती. "म्हणाले, फार हुशार होती."

होती. एवढं तरी म्हणालात. मी ते घेतलं. मला दुसरं काही मिळणार नव्हतं, हे मी उकिडवी बसल्या जागी समजले.

"बाई, तुमच्या पाया पडते," वच्छी म्हणाली, "निपाणीला कुणाला कळू देऊ नका. माझ्या नणंदेचं लग्न व्हायचंय. मला घालवून देतील. माझी पोरगी ठेवून घेतील आणि मला घालवून देतील." पाया पडते म्हणाली, पण जागची हलली नाही.

तेवढ्यात तिची मुलगी बाहेर आली. वच्छीला सदलग्याला पाठवलंत तेव्हा ती होती तेवढीच. पोर ती, सरळ माझ्याजवळ आली आणि माझ्या वळलेल्या बोटांत आपलं बोट घालून बघायला लागली. "आई, ह्यांची बोटं अशी का?"

तिनं हात धरलाय हे मला दिसलं. कळलं नाही. मी नुसती तिच्या बोटाकडे बघत होते, बघून कळवून घेत होते. वच्छीनं तिला दंडाला धरून खेचलं, मोरीवर नेलं आणि साबण लावून तिचे हात रगडायला लागली. पोरगी किंचाळत होती, "दुखतंय गं आई, सोड, दुखतंय!" वच्छी सोडत नव्हती. रडत होती आणि रगडत होती.

तुम्ही तिला एकट्यानं वाढवलंत, मास्तर. लोक म्हणतात ते खरं आहे. एवढं काटेकोर कुणाला वाढवता आलं नसतं.

मी उठले. "न्हाई सांगनार," म्हणाले. माझी ती जुनी बोली आली तोंडात. "कुनाला न्हाई सांगनार. तिचे हात सोड आता." आणि बोळातून बाहेर पडले.

गुंजीत वहिनी दाराशीच उभी होती. बिचारी, कधीपासून विचारायचं म्हणून घुटमळत असणार. "वन्सं," म्हणाली, "बांगड्या उतरवायच्या का वं? कुंकू बी... लोक इचारत्यात."

"कुणाच्या नावानं उतरवू?" मी म्हणाले. "मास्तरांच्या घरी मी कवाच मेलीय, वहिनी. सवाष्ण मेलीय. मेलेल्या बाईला आता रांडाव कोण करणार?"

वहिनीनं पदर डोक्यावर ओढला. ती आत गेली.

परवा कासारीण दारावर आली. मी हिरव्या काचेच्या नव्या बांगड्या मागितल्या. तिनं माझा हात पाहिला आणि टोपली मागे ओढली. हात धरायला तयार होईना, म्हणून बांगड्या घेऊन त्या मी माझ्याच हातानं चढवल्या. वळलेल्या बोटांवरून जाईनात, तशा रेटल्या. एक फुटली आणि मनगटावरून रक्त वाहिलं. ते मला वहिनीनं सांगितलं. बाकीच्या हातात आहेत.